लिम्फोमावर व्हायरस सोडतात म्हणे, खरं काय? मामा केमोला तयार नाहीत

पलूसचा_भाचा

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट हाय म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येतो. माझ्या मामांना (वय ५८) गळ्याला आणि काखेत गाठी आल्या होत्या, मिरजेत बायोप्सी केली, रिपोर्टात डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) आलाय आणि पेट स्कॅनवर स्टेज ३. डॉक्टरांनी आर-चॉप नावाची केमो सांगितलीय, दर २१ दिवसांनी एक अशा सहा, आणि उशीर करू नका म्हणालेत.

इथपर्यंत समदं ठीक होतं. पण मामांच्या साडूंनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला की अमेरिकेत गोवराचा व्हायरस लॅबमध्ये बदलून पेशंटला सलाईनमधनं देतात, तो फक्त कॅन्सरच्या पेशी फोडतो, केस जात नाहीत, उलट्या नाहीत, एका डोसात काम फत्ते. तवापासनं मामा केमोचं नाव काढू देईनात. वर म्हणतात द्राक्षाची छाटणी तोंडावर आलीय, ती उरकू दे, तोवर तू त्या व्हायरसचं बघ, मुंबईत कुठंतरी मिळत असंलच की. मामी नुसत्या रडायला लागल्यात आणि सगळ्यांनी मिळून माझ्यावर टाकलंय कारण मी इंजिनिअर, म्हणजे मला सगळं कळतं असा घरच्यांचा समज.

मी शोधलं तर निम्मं खरं वाटतंय आणि निम्मं डोक्यावरनं जातंय. हे खरंच हाय का, भारतात मिळतं का, किती खर्च, आणि नसंल मिळत तर मामांना नेमकं काय सांगू? प्लीज कुणी माहितगार असंल तर सांगा.

गप_बस_की

पहिलं काम, साडूंना ग्रुपमधनं काढा. निम्मा आजार तिथंच बरा होतोय बघा.

साताऱ्याची_शुभा

दादा, मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय, डॉक्टर नाही. मामांच्या ट्रीटमेंटबद्दल त्यांच्या डॉक्टरांचंच ऐका, मी फक्त व्हायरसचं सांगते. व्हिडिओ पूर्ण खोटा नाहीये आणि अडचण तीच आहे, धडधडीत खोटा असता तर मामांना एका फोनवर पटवता आलं असतं.

याला ऑन्कोलिटिक व्हायरस म्हणतात. कल्पना बरीच जुनी आहे. १९४९ मध्ये अमेरिकेत हॉजकिन नावाच्या लिम्फोमाच्या २२ पेशंटना मुद्दाम काविळीचा व्हायरस दिला होता, काहींच्या गाठी थोड्या कमी झाल्या पण कावीळ व्हायची ती झालीच, आज असं करायची कुणाची हिंमत होणार नाही. मग १९७१ मध्ये लॅन्सेटमध्ये युगांडातल्या एका लहान मुलाची केस आली, डोळ्यापाशी बर्किट लिम्फोमाची गाठ होती, त्याला गोवर आला आणि कॅन्सरचं कुठलंही औषध न देता गाठ बसली. गोवर आणि लिम्फोमाचं नाव एकत्र घ्यायला सुरुवात झाली ती अशा केसेसमुळं.

हे होतं कसं, तर आपल्या चांगल्या पेशीत व्हायरस शिरला की ती इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन सोडते, त्यानं ती स्वतः सावध होते आणि शेजारच्या पेशींनाही सावध करते, व्हायरसची वाढ तिथं अडते. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींत ही यंत्रणाच बिघडलेली असते त्यामुळं व्हायरस तिथं मोकाट वाढतो, पेशी फुटते, आतनं नवीन व्हायरस बाहेर पडून शेजारच्या पेशीत शिरतात. शिवाय फुटलेल्या पेशीचे तुकडे बघून आपली इम्यून सिस्टीम जागी होते आणि मग तीच कॅन्सरच्या मागं लागते, आणि माझ्या मते खरी मजा इथंच आहे, व्हायरस नुसती सुरुवात करून देतो. लसीतला जो कमजोर केलेला गोवर आहे तो सीडी४६ नावाच्या प्रोटीनला धरून पेशीत घुसतो आणि हे प्रोटीन बऱ्याच कॅन्सर पेशींवर जास्त असतं, त्यात गोवर मुळातच लिम्फोसाइट, म्हणजे ज्यांचा लिम्फोमा होतो त्याच पांढऱ्या पेशींमध्ये शिरणारा व्हायरस, म्हणून रक्ताच्या कॅन्सरवर त्याचा विचार झाला.

आता तुमचा व्हिडिओ. तो बहुतेक २०१४ च्या, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बातमीवरनं बनवलाय. तिथं गोवराच्या लसीचा व्हायरस थोडा बदलून एका बाईंना शिरेतनं दिला, डोस किती तर दहा हजार कोटी व्हायरस, म्हणजे साधारण एक कोटी लोकांना लस टोचता येईल इतका. त्यांचा बोन मॅरो साफ झाला, जगभर बातम्या झाल्या. पण बातमीत चार गोष्टी मागं राहिल्या. त्यांना लिम्फोमा नव्हता, मायलोमा होता, म्हणजे बोन मॅरोतला वेगळा कॅन्सर. त्यांची आधीची सगळी औषधं वापरून झाली होती. त्याच पेपरात दुसरा पेशंटही होता, त्याला तेवढा फायदा झाला नाही. आणि त्या बाईंची कपाळावरची गाठ काही महिन्यांनी परत आली, तिला रेडिएशन द्यावं लागलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे दोघंही मुद्दाम निवडलेले होते, त्यांच्या रक्तात गोवराच्या अँटिबॉडी जवळजवळ नव्हत्या. मामा ५८ चे. त्यांच्या लहानपणी सरकारी लसीकरणात गोवराची लसच नव्हती, ती १९८५ मध्ये आली, त्यामुळं त्या वयाच्या बहुतेकांना गोवर येऊन गेलेला असतो. एकदा येऊन गेला की अँटिबॉडी जन्मभर राहतात. असा व्हायरस शिरेतनं सोडला तर गाठीपर्यंत पोचायच्या आधीच रक्तात त्याचा निकाल लागणार.

तासगावचा_बेदाणा

शुभाताई लय भारी समजावलं. पण मग मंजूर झालेला असा एकबी व्हायरस नाही काय जगात? का समदं उंदरावरच चाललंय?

साताऱ्याची_शुभा

आहेत ना. चीननं २००५ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी एक अ‍ॅडेनोव्हायरस मंजूर केला. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये टी-व्हेक आला, तो हर्पिसचा व्हायरस, त्याची दोन जीन्स काढून टाकलीत आणि इम्यून पेशींना बोलावणारं एक जीन घातलंय, मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरमध्ये थेट गाठीत टोचतात. जपाननं २०२१ मध्ये मेंदूच्या गाठीसाठी हर्पिसचाच एक दिला. पण बघा, हे सगळे सुई घालून टोचता येईल अशा ठरावीक गाठीसाठी आहेत. लिम्फोमा अंगभर पसरलेला असतो, गळ्यात, काखेत, पोटात, कधी बोन मॅरोत, प्रत्येक गाठीत सुई कुठं घालत बसणार? शिरेतनंच द्यावा लागतो आणि शिरेतनं दिला की परत अँटिबॉडीचा प्रॉब्लेम. लिम्फोमासाठी मंजूर असलेला व्हायरस एकही नाही.

मिरज_जंक्शन

एक डाउट. मग मामांनी गोवराची साधी लसच टोचून घेतली तर? पुण्यात सीरममध्ये बनती, स्वस्तात मिळती. चार-पाच एकदम घेतल्या तर थोडाफार तरी फरक पडंल की.

साताऱ्याची_शुभा

नाही!!! कृपा करून हे कुणी करू नका आणि कुणाला सांगूही नका. गोवराची लस जिवंत व्हायरसची असते. लिम्फोमात प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली, त्यात केमो सुरू होणार, अशा माणसाला जिवंत लस देत नाहीत, कमजोर व्हायरससुद्धा अंगावर बेतू शकतो. आणि चार-पाच लशी म्हणजे त्या कोटीच्या डोसापुढं काहीच नाही, फायदा शून्य आणि धोका खरा.

तुमच्या शंकेत एक गंमत मात्र आहे. सीरम लसीसाठी एडमन्स्टन-झाग्रेब नावाचा स्ट्रेन वापरते, आणि हाच स्ट्रेन स्वित्झर्लंडमध्ये लिम्फोमावर खरंच वापरून बघितला होता, २००५ मध्ये पेपर आला. पेशंट किती? फक्त ५. लिम्फोमा कुठला? त्वचेचा टी सेल (टी आणि बी सेल या वेगवेगळ्या पांढऱ्या पेशी), म्हणजे गाठी वर दिसणाऱ्या, सुई घालता येणाऱ्या. आधी इंटरफेरॉन दिलं म्हणजे चांगल्या पेशी सांभाळल्या जातील, मग थेट गाठीत टोचलं. काही गाठी लहान झाल्या. छान काम होतं पण ते पाच जण डॉक्टरांच्या डोळ्यासमोर होते, घरात बसून दंडावर टोचून घेत नव्हते.

मिरज_जंक्शन

बरं झालं विचारलं. नाय सांगत कुणाला.

गुरांचा_डॉक्टर_विटा

मी व्हेटर्नरी डॉक्टर आहे, माणसांच्या कॅन्सरवर बोलायचा अधिकार नाही, तरी एक भर घालतो कारण यात आमच्या खात्यातला एक व्हायरस आहे. गोवराच्या अँटिबॉडी आड येतात म्हटल्यावर शास्त्रज्ञांनी असा व्हायरस शोधला जो माणसांना सहसा झालेलाच नसतो. त्याचं नाव व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस. गायी, घोडे, डुकरं यांना होतो, तोंडात आणि खुराजवळ फोड येतात, लाळ गळते, वरनं बघितलं तर अगदी आपला लाळ्या-खुरकूत, लॅब टेस्टशिवाय फरक सांगता येत नाही. हा रोग अमेरिका खंडातला, आपल्या गोठ्यात लाळ गळताना दिसली तर तो लाळ्या-खुरकूतच समजा आणि लस चुकवू नका (हे विषयाला सोडून झालं पण राहवत नाही, आमच्या भागात लसीकरणाला अजूनही लोक टाळाटाळ करतात).

हा व्हायरस इंटरफेरॉनला फार घाबरतो. मेयोवाल्यांनी काय केलं, त्याच्यातच माणसाच्या इंटरफेरॉन-बीटाचं जीन घातलं. म्हणजे व्हायरस जिथं वाढेल तिथं इंटरफेरॉनही तयार होणार, आसपासच्या चांगल्या पेशी सावध होणार आणि इंटरफेरॉनला दाद न देणारी कॅन्सरची पेशी तेवढी मरणार. विषाच्या बाटलीलाच उतारा बांधून पाठवल्यासारखं आहे. शिवाय आयोडीन ओढून घेणारं एक जीन घातलं, त्यामुळं स्कॅनवर व्हायरस कुठं पोचला ते दिसतं. शिरेतनं एकच डोस देऊन केलेल्या ट्रायलचे रिझल्ट २०२२ मध्ये आले. इतर औषधांना दाद न दिलेल्या टी सेल लिम्फोमाच्या काही पेशंटमध्ये गाठी कमी झाल्या. मला स्वतःला हे फार आशादायक वाटतं. पण टी सेल लिम्फोमा, आणि मोजकेच पेशंट. यांच्या मामांचा बी सेल आहे.

कऱ्हाडकर७७

सायन्स झालं असंल तर आता जरा व्यवहाराचं बोलू. माझ्या वडिलांना हाच आजार होता, डिफ्यूज लार्ज बी सेल, वय ६३. आमचा वेळ व्हिडिओनं नाही खाल्ला, टीबीच्या गोळ्यांनी खाल्ला. गळ्याला गाठ आली, गावातल्या एका डॉक्टरांनी बायोप्सी न करताच टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या, कारण आपल्याकडं गळ्याला गाठ म्हणजे टीबी हे डोक्यात फिट्ट बसलंय. गोळ्या चालल्या, गाठ वाढतच गेली, वजन उतरलं, रात्री अंथरूण भिजायचं घामानं, तरी कोर्स पुरा करा म्हणे. शेवटी पाहुण्यांनी ओढून नेलं तेव्हा सुईनं न तपासता गाठच काढून तपासली आणि कळलं. भाच्या, तुमच्या मामांचा नेमका प्रकार कळलाय, स्टेज कळलीय, औषध ठरलंय. आम्हाला तिथं पोचायलाच किती वेळ गेला. तुम्ही दारात उभं राहून आत जायचं नाही म्हणताय.

हा लिम्फोमा जोरात वाढतो, आठवड्यांचा हिशोब असतो. पण याचीच दुसरी बाजू, जोरात वाढतो म्हणून केमोला दादही जोरात देतो. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेलं की आर-चॉप घेणाऱ्या दहातले साधारण सहा जण कायमचे बरे होतात. कॅन्सरात असा आकडा ऐकायला मिळत नाही हो! मामांना हाच आकडा सांगा. व्हायरसच्या ट्रायल कुणावर होतात, तर ज्यांची ही औषधं फेल गेलीत त्यांच्यावर. मामा अजून त्या रांगेतच नाहीत.

केमोचं खरं खरं सांगतो. केस गेले, परत आले. लाल औषध असतं ते डॉक्सोरुबिसिन, त्यानंतर लघवी लाल होती, घाबरायचं नाही. बोटांना मुंग्या यायच्या, शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. आर-चॉपमधलं रिटुक्सिमॅब पहिल्यांदा सोडताना थंडी वाजून आली, नर्सनी स्पीड कमी केला, गेली. त्या पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी शुगर मात्र भरमसाट वाढती, मामांना शुगर असंल तर आधीच सांगून ठेवा. ताप १०० च्या वर गेला की रात्र असू दे, पाऊस असू दे, सरळ दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

खर्चाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो त्याला भेटा, महात्मा फुले योजनेत केमो बसते, रिटुक्सिमॅबचं काय ते तिथंच क्लिअर करून घ्या. आणि छाटणीचं काय ओ, भाऊबंद आहेत, पैशावर गडी मिळतात. एक वर्ष बाग दुसऱ्यानं बघितली म्हणून वेली वाळत नाहीत.

खारघरचा_सातारकर

भारतात काय मिळतं ते राहिलंय म्हणून लिहितो, मी नवी मुंबईत बायोटेकमध्ये आहे, घर कोरेगावला. लिम्फोमात बदललेला व्हायरस वापरायची एक पद्धत आपल्याकडं चालू आहे पण ती अगदी वेगळी, आणि मला वाटतं साडूंच्या व्हिडिओत दोन्हीची मिसळ झाली असणार. तिचं नाव कार-टी. यात व्हायरस पेशी मारत नाही, तो नुसता हमाल. पेशंटच्या रक्तातनं टी पेशी काढतात, एचआयव्हीच्या घराण्यातला लेंटीव्हायरस पार निकामी करून म्हणजे त्याची वाढायची क्षमता काढून घेऊन, त्याच्याकरवी त्या टी पेशींत एक नवं जीन टाकतात. मग त्या पेशी सीडी१९ हे बी पेशींवरचं प्रोटीन ओळखायला लागतात. लॅबमध्ये त्यांची संख्या वाढवायची, परत पेशंटला द्यायच्या, की त्या बी सेल लिम्फोमा शोधून मारतात.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून आपली स्वतःची कार-टी तयार केली, नेक्सकार-१९. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती मुर्मूंच्या हस्ते पवईत लाँच झाली. २०२५ मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजीत रिझल्ट आले, ७३ टक्के पेशंटना प्रतिसाद मिळाला, म्हणजे गाठी कमी झाल्या किंवा गेल्या. प्रतिसाद म्हणजे कायमचा बरा असं नाही, काहींना आजार परत येतो. खर्च बातम्यांनुसार ४० लाखांच्या आसपास. जास्त वाटतात पण अमेरिकेत पहिली कार-टी २०१७ मध्ये आली तेव्हा नुसत्या औषधाची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती.

पण ही मंजूर आहे ती आजार उलटला असेल किंवा नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल तरच. उद्या मामांना घेऊन टाटात गेलात तरी तिथले डॉक्टर पहिल्यांदा आर-चॉपच सांगतील. सेकंड ओपिनियन पाहिजेच असेल तर जरूर घ्या, महालक्ष्मीनं रात्री बसलात की सकाळी मुंबई, बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड सोबत न्या नुसता रिपोर्ट नको, आणि राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधी विचारून बघा. तेवढ्यासाठी मिरजेतली पहिली केमो मात्र लांबवायची का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून मगच.

आणि एक. ट्रायल खरी आहे का बघायचं असेल तर भारतातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआयच्या साइटवर असते, फुकट बघता येते. ट्रायलमधल्या औषधाचे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. व्हायरस थेरपी देतो, इतके लाख अ‍ॅडव्हान्स भरा असा फोन आला तर तो कॉल तिथंच कट करा.

गप_बस_की

साडूंचं मी मनावर घेऊन सांगितलं नव्हतं, पण आता घेतोय. तसला फोन साडूंच्याच ओळखीतनं यायचा बघा.

पलूसचा_भाचा

सगळ्यांना मनापासनं थँक्यू. काल रात्री मामांच्या घरी जाऊन बसलो. शुभाताईंचं गोवराचं सांगितलं तर मामी मधीच म्हणाल्या, ह्यांना गोवर येऊन गेलाय, आत्याबाई सांगायच्या, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलेलं. मामा त्यावर काय बोलले नाहीत पण ऐकत होते. मग दहातल्या सहाचं सांगितलं तर म्हणतात आणि उरलेले चार? तिथं माझी बोलती बंद झाली होती पण कार-टीचं वाचलेलं आठवलं, म्हटलं त्या चारांसाठी मुंबईत पुढचं औषध हाय, आणि पैशाचं नंतर बघू, आधी सहात बसायचं बघू. कऱ्हाडकरांचं टीबीचं सांगितल्यावर मात्र ते खरंच गप्प झाले. सकाळी उठून स्वतःच म्हणाले छाटणीला धाकट्याला सांगतो.

सोमवारी ॲडमिट करतोय. डॉक्टरांनी केमोच्या आधी हृदयाची टूडी इको आणि हिपॅटायटिस बी ची टेस्ट सांगितलीय. इको समजलं, पण मामांना कधी कावीळ झालेली नाही मग हिपॅटायटिसची टेस्ट कशाला? लॅबवाला दोन वेगवेगळ्या टेस्ट म्हणतोय, पैसे काढायला तर नाही ना?

साताऱ्याची_शुभा

अजिबात नाही, ती करायलाच पाहिजे, आणि दोन्ही करा. हिपॅटायटिस बी कधीतरी नकळत होऊन गेला असेल तर व्हायरस लिव्हरमध्ये दबून बसलेला असतो, कावीळ झाली नसली तरी. रिटुक्सिमॅब बी पेशी संपवतं, त्यांच्यासोबत पहाराही उठतो आणि तो व्हायरस परत उसळतो, लिव्हर निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतं. एका टेस्टमध्ये आत्ताचं इन्फेक्शन कळतं, दुसरीत आधी होऊन गेलेलं. पॉझिटिव्ह आली तरी केमो थांबतेच असं नाही, सोबत व्हायरसची गोळी देतात. इकोही डॉक्सोरुबिसिनसाठी लागते, ते हृदयाला त्रास देऊ शकतं.

कऱ्हाडकर७७

दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स काढून फाइलीत वेगळ्या ठेवा, दर केमोला कुणीतरी नवीन डॉक्टर येऊन मागतो. आणि मामींना सांगा, सोमवारी घरनं साधी भाताची पेज न्या, कॅन्टीनचं नको.